वजन कुठं आहे

आमच्या घरमालक काकांना सकाळच्या वेळी गाठायचं असेल, तर शहरात कुठं झाड पाडताहेत याची चौकशी करावी लागे. फांद्या तोडणारे मजूर त्यांना ओळखत. स्कूटर कडेला लावून ते उभे राहत आणि खाली पडलेल्या पसाऱ्यातून मनगटाएवढी एखादी सरळ फांदी मागून घेत. "जामफळ आहे का?" हा त्यांचा पहिला प्रश्न. पेरूला बडोद्यातली मराठी घरं जामफळच म्हणतात. पेरू नसला तर बोर, चिंच, सीताफळ, काहीही चाले. फक्त कडुलिंब नको, त्याचा वास धाग्याला लागतो असं त्यांचं मत होतं. मग ती फांदी स्कूटरवर पायाशी आडवी ठेवून ते रावपुऱ्यातून निघत, आणि चार रिक्षावाल्यांचं ऐकून घेत घरी पोचत.

या फांद्यांच्या ते बॉबिन करून घेत. बॉबिन म्हटलं की आपल्याला शिवणयंत्रातली चकती आठवते, पण ही तशी नव्हे. लेस हातानं विणायची एक जुनी पद्धत आहे. भुसा ठासून भरलेल्या कडक उशीवर नक्षीचा कागद ताणून बसवायचा, त्यावर टाचण्या रोवायच्या आणि त्या टाचण्यांभोवती धागे एकमेकांवरून नेत, पिळत पुढं जायचं. प्रत्येक धाग्याच्या टोकाला एक लाकडी दांडी असते, पेन्सिलीहून आखूड. वर बारीक गळा, त्यावर धागा गुंडाळलेला; खाली जरा फुगीर पोट. हीच बॉबिन. धागा ताणून धरायचं काम तिच्या वजनाचं. उशीवर एका वेळी लागत चाळीस, आणि मी राहायला आले तेव्हा काकांकडे सहाशेच्या वर होत्या.

मी नगरहून अलकापुरीतल्या एका पॅथॉलॉजी लॅबमधल्या नोकरीसाठी आले होते. घडियाळी पोळमध्ये, जुन्या शहरातल्या एका गल्लीत, त्यांच्या घराचा वरचा मजला रिकामा आहे असं कळलं म्हणून बघायला गेले. काका हिंचक्यावर, म्हणजे घरातल्या झोपाळ्यावर, बसले होते. माझं नाव-गाव विचारायच्या आधी त्यांनी माझ्या दोन्ही हातांत एकेक बॉबिन ठेवली.

"जड कुठली?"

मी म्हटलं, "डावीकडची."

"आता हात बदला."

हात बदलले. तरी डावीकडचीच जड लागली, म्हणजे मघाशी उजवीकडे होती ती. मी गोंधळून तसं सांगितलं.

"खरं बोललात," ते म्हणाले. "मघा ही जड म्हणालीस तर आता तीच जड म्हणायला हवी, म्हणून लोक थाप मारतात. कधी येता राहायला?"

त्या तीन वाक्यांत मी 'अहो'ची 'अगं' झाले आणि पुन्हा 'अहो' झाले. पुढं चार वर्षं हे असंच चाललं. लॅबमधून आल्यावर 'या', आणि बॉबिनचा विषय निघाला की 'इकडं ये'.

घरात दोघंच. काकांनी लग्न केलं नव्हतं. त्यांच्याहून सहा वर्षांनी मोठ्या विधवा बहीण, अक्का, खालच्या मजल्यावर स्वयंपाकघर सांभाळायच्या. यांचे पणजोबा गायकवाडी फौजेत शिलेदार होते, आणि ही गोष्ट अक्का एकाच कामासाठी वापरत. "पणजोबा घोड्यावरून लढायला गेले, आणि हा लेस करतो," त्या भाजी निवडता निवडता म्हणायच्या. मग थोड्या वेळानं, "सारू आहे, बरंच आहे. त्यात कोणी मरत तर नाही."

काका पाटबंधारे खात्यात ड्राफ्ट्समन होते. लेस ते शिकले ते नोकरीत असताना, एका धरणाच्या वसाहतीत. तिथल्या दवाखान्यात केरळच्या एक नर्स होत्या, सगळे त्यांना सिस्टर म्हणत. सिस्टरांच्या आईचा एक लेसचा कागद होता. चर्चमधल्या वेदीवर घालायच्या कापडाची किनार, द्राक्षं आणि पानं. कागद घड्यांवर फाटत चालला होता. ड्राफ्ट्समन आहेत म्हणून सिस्टर तो काकांकडे घेऊन आल्या आणि म्हणाल्या, याची नवी नक्कल काढून द्या.

"काढायला बसलो," काका सांगायचे, "आणि कळेना. नुसती टिंबं. कुठलं टिंब कशासाठी, काही पत्ता नाही. धरणाचा नकाशा असतो तेव्हा मला कळतं की इथं पाणी, इथं भिंत. जे कळत नाही ते मी काढत नाही."

म्हणून त्यांनी सिस्टरांकडून लेस शिकून घेतली. नकलेला दोन दिवस लागले असते, त्याला सात महिने लागले. नक्कल करून दिल्यावर त्यांनी सिस्टरांना शब्द दिला की ही किनार मी स्वतः पुरी करून देईन. सिस्टर निवृत्त होऊन गावी गेल्या, काका निवृत्त होऊन बडोद्यात आले, आणि तोपर्यंत ती किनार दोनदा सुरू होऊन दोनदा कात्रीनं कापली गेली होती. का, तर बॉबिन जुळत नव्हत्या. एक हलकी असली की तिचा धागा सैल पडतो आणि द्राक्षाचा मणी चपटा दिसतो. मला चपटा मणी कधी दिसला नाही. काकांना झोपेत दिसायचा.

मी लॅबमध्ये काम करते आणि तिथं नाजूक काटा आहे हे कळल्यावर त्यांनी एका सोमवारी शंभर बॉबिन कापडी पिशवीत घालून माझ्या हातात दिल्या. मी जेवणाच्या सुट्टीत त्या तोलल्या. आमच्या डॉक्टरीणबाई येऊन बघून गेल्या आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं की ही कसली सँपलं. मी एकेका बॉबिनला चिठ्ठी बांधली, सारख्या वजनाच्या जोड्या लावल्या आणि बऱ्यापैकी अभिमानानं घरी आणल्या. बहुतेक पाच ते सहा ग्रॅमच्या होत्या.

काकांनी पहिली जोडी उचलली, तळहातावर ठेवली आणि बाजूला केली. दुसरी बाजूला केली. तिसरी ठेवली. अशा निम्म्या जोड्या त्यांनी मोडल्या.

"काका, अहो काटा चुकत नाही."

"काटा बरोबरच आहे. हिचं पोट खाली आहे, हिचं वर. दोघी सहा ग्रॅमच्या, पण ही लोळते आणि ही बसते. तू मला वजन किती ते आणून दिलंस. वजन कुठं आहे ते सांग."

ते काही काटा सांगत नाही. पण पुढं कधी कधी रक्ताचा रिपोर्ट लिहिताना मला हे वाक्य आठवायचं.

बॉबिन कातून द्यायचा तो संखेड्याचा एक कातारी. संखेड्याचे हिंचके आणि पाळणे तुम्ही पाहिले असतील, सागाच्या लाकडावर लाखेचा लाल-सोनेरी रंग. हा मनुष्य तेच काम करी आणि माल पोचवायला आठवड्यातून एकदा बडोद्याला आला की काकांकडे येई. त्याचा आणि काकांचा वाद मी आले त्याच्याही आधीपासून चालू होता. काकांना बॉबिन बिनरंगी हवी, कारण लाखेवरून बोट घसरतं. कातारी म्हणे, "साहेब, रंग वगर तो आ लाकडुंज छे." रंगाशिवाय हे नुसतं लाकूडच.

"मला लाकूडच पाहिजे ने, भाई."

"मग माझी गरज काय?" त्याला मराठी समजे आणि वेळ पडली तर तो बोले. "घरी चाकूनं तासा."

तरी तो दर आठवड्याला वीस आणी. काका एकेक हातात घेत आणि वीसपैकी सहा-सात परत करत. का परत केली हे सांगत नसत. कातारी त्या पिशवीत टाकी, चहा पिई आणि जाताना अक्कांना म्हणे, "बेन, तुमच्या भावाच्या हातात देव बसलाय, पण कजियाळू देव आहे." भांडखोर देव. अक्कांना हे फार आवडायचं.

तिसऱ्या वर्षी काकांनी झाडांची आवड बदलली. पेरू, बोर सोडून ते रायणीच्या मागं लागले. रायण म्हणजे खिरणी, तिचं लाकूड दगडासारखं. कातारी कुरकुरला की पटाशीची धार जाते. मग एका रविवारी ते मला घेऊन बसनं खंबातला गेले, अकीकाचे मणी आणायला. दुकानात त्यांनी दोन तास घालवले. ते मणी बारीक तारेत ओवून त्यांनी बॉबिनच्या खालच्या टोकाला लटकवले. मला छान वाटलं, मी म्हटलंही की आता दागिन्यासारख्या दिसतात. ते पुढची तार वळवत राहिले.

त्याच सुमाराला त्यांनी पुन्हा एक पिशवी दिली तोलायला. या वेळी बॉबिन नऊ, दहा, अकरा ग्रॅमच्या निघाल्या. मी आकडे लिहीत होते आणि लिहिता लिहिता थांबले. दोन वर्षांत वजन दुप्पट झालं होतं. उशीवरचा धागा मात्र तोच होता, तसाच बारीक. आणि गेले काही महिने तो तुटत होता. जिन्यातून येताजाता मी काकांना गाठ मारताना पाहत होते. ते म्हणायचे, धागा पूर्वीसारखा येत नाही.

संध्याकाळी ते हिंचक्यावर होते. उजवा हात मांडीखाली. मला तेव्हा लक्षात आलं की तो हात बरेच दिवस मांडीखालीच असतो.

"काका, वजनं आणलीत. सगळ्या दुप्पट जड आहेत."

"हो, असतील."

"इतका बारीक धागा एवढं वजन घेणार नाही. तुम्हाला हे माझ्याहून जास्त कळतं."

"धागा खराब येतोय हल्ली."

"धागा चांगला आहे. हात दाखवा."

ते हिंचका पायानं थांबवून बसले. मग उजवा हात काढून त्यांनी शेजारच्या लेसच्या उशीवर ठेवला. अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासत होती, संथ, एका लयीत, जणू तिथं नसलेला एक धागा पिळत होती.

"काम करताना जरा थांबतं," ते म्हणाले. "पण टाचणी रोवायला गेलं की परत. जड बॉबिन असली की हात खाली राहतो. हलकी असली की हातच तिला उडवतो."

"किती दिवस झाले?"

"दिवाळीच्या आधीपासून."

स्वयंपाकघराच्या दारातून अक्का म्हणाल्या, "त्याच्याही आधीपासून. मी आठ महिने कप अर्धाच भरते. त्याला वाटतं दूध महागलं."

काकांनी बहिणीकडं पाहिलं. दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि आम्ही तिघं डॉक्टरांकडे गेलो. कंपवात. काकांनी मला दोनदा विचारलं की रक्त तपासून नक्की कळेल का. मी म्हटलं, याला रक्ताची तपासणी नसते. "मग त्यांना कसं कळलं?" तुम्हाला बॉबिनचं कळतं तसं, मी म्हटलं. ते त्यांना पटलं असावं. गोळ्या सुरू झाल्या.

गोळ्यांनी सकाळचे तीन तास बरे जात. पण जुन्या हलक्या बॉबिन आता त्यांच्या कामाच्या नव्हत्या हे स्पष्ट होतं. जड बॉबिन हव्यात, म्हणजे जाड धागा हवा, म्हणजे टिंबांमधलं अंतर वाढवायला हवं. नकाशा मोठा करायला हवा. उपाय इतका सरळ होता की मी तो एका वाक्यात सांगून टाकला.

काका म्हणाले, "नकाशा माझा नाही."

"नक्कल तर तुमचीच आहे."

"नक्कल माझी. माप त्यांच्या आईचं. दुसऱ्याच्या नकाशाचं माप बदलायचं तर सही लागते. चाळीस वर्षं हेच केलं मी. आज हात हलतो म्हणून नियम हलवू?"

तीन आठवडे उशीवर कापड झाकलेलं राहिलं. शेवटी अक्काच मला म्हणाल्या, "सही लागते ने? मग मागून घे. फोन आहे ने तुझ्याकडे." काकांच्या वहीत केरळचा नंबर होता. व्हिडिओ लावला. पांढरे केस आखूड कापलेल्या एक बाई दिसल्या, मागं केळीची पानं हलत होती. काकांनी हिंदीत सगळं सांगितलं, अगदी अर्ज लिहितात तसं: हात, वजन, धागा आणि शेवटी परवानगी. उजवा हात त्यांनी फोनपुढं धरला.

सिस्टर आधी नर्ससारख्या बोलल्या, कोणती गोळी, दिवसातून किती वेळा. मग म्हणाल्या, "साहब, वो तो पहले से बड़ा किया हुआ है."

काकांना कळलं नाही. सिस्टरांनी पुन्हा सांगितलं. त्यांच्या आईची नजर म्हातारपणी अधू झाली, बारीक टिंबं दिसेनात, तेव्हा आईनंच तो कागद दीडपट करून घेतला होता. मूळचा कागद आजीचा, लहान, तो कधीच गेला. "माँ को दिखता नहीं था, तो माँ ने बड़ा किया. आपका हाथ हिलता है, तो आप बड़ा करो. इसमें पूछना क्या है?"

फोन ठेवल्यावर काका रागावले. मी त्यांना रागावलेलं तेवढंच पाहिलं. इतकी वर्षं ज्या मापाचा अर्धा मिलिमीटर मी हलू दिला नाही, ते माप एका आंधळ्या होत चाललेल्या बाईनं अंदाजे ठरवलेलं होतं, असं ते पुनःपुन्हा म्हणत राहिले. दोनदा कापली मी किनार. दोनदा. अक्कांनी त्यांना बोलू दिलं. ताट वाढल्यावर म्हणाल्या, "तिच्या डोळ्यांना ते माप बरोबर होतं ना? मग चुकीचं कसं? जेव आता."

दोन दिवसांनी आम्ही रावपुऱ्यातल्या झेरॉक्सच्या दुकानात गेलो. काकांचा हात आता रेघ ओढू शकत नव्हता. दुकानदारानं कागद काचेवर ठेवला, बटण दाबलं, आणि मोठा केलेला नकाशा गरम गरम बाहेर आला. काकांनी तो उजेडात धरून पाहिला. मला वाटलं, यंत्रानं मिनिटात केलं म्हणून त्यांना वाईट वाटेल. ते दुकानदाराला म्हणाले, "उजव्या कोपऱ्यात जरा ताणलाय. पुन्हा काढा." पुन्हा काढला. तो चालला.

किनारीला दीड वर्ष लागलं. रायणीच्या बॉबिन, अकीकाचे मणी, जाड सुती धागा, सकाळचे तीन तास. मी लॅबला निघताना जिन्यावरून आवाज ऐकू यायचा, लाकडावर लाकूड हलकेच आपटल्याचा. पूर्ण झाली तेव्हा अक्कांनी ती दोन्ही हातांनी उचलून पाहिली आणि म्हणाल्या, "टॉवेलाची किनार वाटते." काका म्हणाले, "हो, जाड झालीय." आणि दोघंही बराच वेळ ती हातात घेऊन बसले. कुरिअरनं ती केरळला गेली. सिस्टरांनी वेदीवर घातलेल्या कापडाचा फोटो पाठवला. काकांनी तो माझ्या फोनवर बोटांनी मोठा करून करून डावीकडच्या तिसऱ्या द्राक्षात चूक शोधली.

फोटोबरोबर एक निरोपही होता. सिस्टरांच्या गावात काही बायका लेस शिकत होत्या आणि त्यांना चांगल्या बॉबिन मिळत नव्हत्या. काकांनी जुन्या हलक्या साऱ्या जोड्या लावून पाठवून दिल्या. त्या पुरल्या नाहीत. आणखी शंभर जोड्यांची मागणी आली. कातारी आता मुख्यतः केरळच्या बायकांसाठी कातू लागला, बिनरंगी, आणि तक्रार करायचा की माझं काम कोण ओळखणार तिकडं.

तोवर माझी नोकरी सुरतेला गेली होती. वर्षभरानं एका दुपारी मी त्यांना भेटायला गेले. काका खूप वाळले होते. गोळीचा असर तीन तासांवरून तासावर आला होता आणि उशी कधीच माळ्यावर गेली होती. अक्कांनी मला पूर्ण कप दिला आणि त्यांना वाटीतून चमच्यानं चहा पाजला. आम्ही बोलत होतो तेवढ्यात कातारी वीस बॉबिन घेऊन आला. त्यानं त्या नेहमीसारख्या काकांसमोर पाटावर मांडल्या.

काकांनी एक उचलली. हात थरथरत होता आणि बॉबिन त्याबरोबर थरथरत होती. त्यांनी ती डाव्या हातात घेतली. मग गुडघ्यावर ठेवली. मग परत पाटावर ठेवून दिली.

"मला कळत नाही रे," ते म्हणाले.

इतक्या वर्षांत कातारीनं हे ऐकलं नसणार. तो म्हणाला, "बधीज सारी छे, साहेब." सगळ्या चांगल्याच आहेत.

"सगळ्या चांगल्या कधी नसतात. तिकडं त्या बायका शिकताहेत. त्यांना वाटेल आपला हात वाईट आहे." काकांनी पाट त्याच्याकडं सरकवला. "तू काढ."

कातारी संकोचला. त्यानं हात पँटला पुसले आणि आपल्याच बॉबिन एकेक करून उचलू लागला. तळहातावर ठेवायचा, बोट खालून फिरवायचा, कान देऊन ऐकल्यासारखं डोकं एका बाजूला करायचा. अक्का स्वयंपाकघरातून येऊन दारात उभ्या राहिल्या. त्याला बराच वेळ लागला. शेवटी त्यानं तीन बाजूला केल्या.

काका म्हणाले, "मी दोन काढल्या असत्या. ही आणि ही. त्या डोळ्यांनीच दिसतात. तिसरी का?"

कातारीनं तिसरी उचलून त्यांच्या डाव्या हाताचं बोट धरलं आणि ते बॉबिनच्या गळ्यावर टेकवून हळू फिरवलं. तिथं लाकडाचा तंतू जरासा उलटा गेला होता, नखाला लागेल न लागेल इतका.

"अहीं धागो अटकशे," तो म्हणाला. इथं धागा अडकेल.

काकांनी बोट पुन्हा तिथंच फिरवलं, दोनदा. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "मला सापडली नसती ही." त्यांनी डाव्या हातानं उरलेल्या सतरा हळूहळू गोळा करून पिशवीत भरल्या, पिशवीचं तोंड बांधायला अक्कांकडं दिली आणि कातारीला म्हणाले, "पुढच्या आठवड्यापासून घरूनच निवडून आण."